गोरेपणाचा नाद सोडा, निगा राखा

मागच्या उन्हाळ्यात लातूरला वधू-वर परिचय मेळावा होता. नात्यातल्या एका मुलासाठी स्थळ पाहायचे होते म्हणून आम्हीही गेलो. मंडप गच्च भरला होता. उदगीर, अहमदपूर, देगलूर, नांदेड अशा गावोगावहून आईबाप मुलामुलींना घेऊन आले होते. त्रिशरण-पंचशील झाले आणि परिचय सुरू झाले.

आमच्या शेजारी नांदेडची एक मुलगी आईबरोबर बसली होती. बी.ए. झालेली, कापडाच्या दुकानात नोकरी करणारी, वय चोवीस-पंचवीस. उकाड्याने सगळ्यांचा जीव कासावीस झालेला, पण ही पोर तोंडावरचा स्कार्फ काही सोडेना. शेवटी आईच हळू आवाजात आम्हाला म्हणाली, "ताई, तुम्ही पेपरात लिहिता म्हणून विचारते. पोरीच्या तोंडाला काय झालंय बघा की. दोन वर्सं झाली ट्यूब लावती. लावली की गोरी दिसती, सोडली की तोंड निस्तं जळलालंय."

पोरीने स्कार्फ बाजूला केला. गाल लालभडक झालेले. कातडी इतकी पातळ की खालच्या बारीक शिरा दिसत होत्या. हनुवटीवर मुरुमांचे पुरळ आणि गालावर पूर्वी नव्हती ती लव. ट्यूब कुणी दिली म्हणून विचारले तर म्हणाली, "मेडिकलमधे मागितली की देतात. दुकानातल्या सगळ्याजणी लावतात." आणि लावायची वेळ का आली? तर पहिले स्थळ आले तेव्हा मुलाकडच्यांनी निरोप धाडला होता, मुलगी चांगली आहे, पण रंग जरा कमी आहे.

आमच्या हातात मेळाव्याचा परिचयाचा कागद होता. नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, उंची आणि त्याच्या खाली 'रंग'. कुणी 'गोरा' लिहिले होते, कुणी 'निमगोरा'. 'सावळा' असे सरळ लिहिणारे फार थोडे. कागद छापणारे आपणच, भरणारे आपणच आणि तो वाचून नकार कळवणारेही आपणच. त्या दिवसापासून हा विषय मनात घोळतो आहे, म्हणून आज त्यावर लिहीत आहोत.

आधी त्या ट्यूबचे पाहू. अशा बहुतेक ट्यूबांत स्टेरॉइड नावाचे औषध असते. ट्यूबवर इंग्रजीत बारीक अक्षरात बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असे नाव छापलेले असते. ही औषधे वाईट नाहीत. इसब, सोरायसिस अशा विकारांत डॉक्टर ती ठरावीक दिवसांसाठी देतात. पण ती रोज तोंडाला लावायची क्रीम नव्हे. सुरुवातीला रक्तवाहिन्या आकसतात, कातडीचा रंग तयार होणे मंदावते, म्हणून आठवडाभरात चेहरा उजळल्यासारखा वाटतो. मैत्रिणी विचारतात, "काय लावतीस गं?" फसगत होते ती इथेच. पुढे काही महिन्यांनी कातडी पातळ पडते, ऊन सोसत नाही, मुरूम येतात, केस उगवतात. घाबरून ट्यूब सोडली की आग-आग होते, म्हणून बाई पुन्हा लावते. दारूच्या गुत्त्यासारखेच हे. सोडावे तर त्रास आणि धरावे तर नाश.

केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी चौदा स्टेरॉइडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तरीही ती मागितली की मिळतात, हे आपण सगळ्याच जाणतो. म्हणून ओळखायची खूण सांगतो. ट्यूबवर किंवा खोक्यावर उभी लाल रेघ असेल, 'आरएक्स' अशी खूण असेल, तर ते औषध आहे, प्रसाधन नव्हे. शेजारणीने दिली, दुकानदाराने दिली, मोबाइलवर कुणी सांगितली, तरी तोंडाला लावू नका. आणि फार दिवस लावलेली असेल तर घाबरून एकदम फेकूनही देऊ नका. डॉक्टरला दाखवा. ते हळूहळू सोडवतात.

गजकर्णाचेही असेच आहे. मांडीत, कमरेला, छातीखाली खाज सुटली की आपण मेडिकलमधून 'खाजेची ट्यूब' आणतो. त्यात बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट पसरते. मग घरभर गजकर्ण. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या, घामाने भिजणाऱ्या बायकांत हे फार दिसते. कपडे रोज बदलणे, ते उन्हात वाळवणे, टॉवेल ज्याचा त्याने वेगळा ठेवणे आणि डॉक्टरने सांगितलेले औषध पूर्ण मुदतीपर्यंत लावणे, हाच त्यावरचा इलाज.

दुसरा धोका याहून मोठा आहे. कुठल्याही कंपनीचे नाव-गाव नसलेल्या डबीतली क्रीम. २०२२ साली अकोल्यात एका कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला, तिच्या आईला आणि बहिणीला मूत्रपिंडाचा विकार झाला. एका घरातल्या तिघींना एकच आजार कसा, असा प्रश्न डॉक्टरांना पडला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खोदून विचारले तेव्हा कळले की तिघी एकच क्रीम वापरत होत्या. ती गावातल्याच एका ब्युटीशियनकडून घेतलेली होती. तपासणीत त्या क्रीमात पारा निघाला. पारा कातडीचा रंग बनू देत नाही म्हणून माणूस गोरे दिसते, पण तोच पारा कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. आपल्या कायद्यानुसार अशा क्रीमात दहा लाख भागांत एका भागाहून जास्त पारा चालत नाही. पण बिननावाची डबी कायदा विचारत नाही. घरात लहान लेकरू असेल तर आईच्या गालाचा पारा टॉवेलातून, उशीतून त्याच्याही अंगाला लागतो.

म्हणून प्रसाधन घेताना चार गोष्टी पाहाव्यात. बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि बनवल्याची व संपण्याची तारीख. यांतले काही नसेल तर फुकट मिळाले तरी घेऊ नये. 'सोन्याच्या दागिन्याला लागू देऊ नका' अशी सूचना एखाद्या क्रीमवर असेल तर ती तिथेच ठेवा. पारा सोन्याला धरतो, म्हणून तशी सूचना देतात.

आणि जाहिरातींचे काय सांगावे! 'फेअर अँड लव्हली' ही क्रीम भारतात १९७५ साली बाजारात आली. सावळ्या मुलीला नोकरी नाही, नवरा नाही, आणि क्रीम लावली की दोन्ही मिळाले, असल्या जाहिराती पाहत दोन पिढ्या वाढल्या. २०१४ साली जाहिरातदारांच्या स्वनियमन संस्थेने नियम केला की सावळी माणसे दुःखी किंवा अपयशी दाखवायची नाहीत. २०२० साली त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द गेला आणि ती 'ग्लो अँड लव्हली' झाली. डबीवरचे नाव बदलले, पण आपल्या परिचयाच्या कागदावरचा रकाना मात्र अजून तसाच आहे.

आता कुणी म्हणेल, मग काय आम्ही नटूच नये? तसे आम्ही मुळीच म्हणत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या आज्या-पणज्यांपुढे वेगळे भाषण केले होते. लुगडे नेसण्याची जी तऱ्हा पाहून लोक जात ओळखतात ती टाका, हातभर जड दागिने टाका, स्वच्छ राहा, असा त्यांचा सांगावा होता. आणि बायकांनी तो तिथल्या तिथे ऐकला, लुगड्याची नेसण बदलली. नीट नेसणे, नीट राहणे हे आपल्याकडे कधीच नुसते नटणे नव्हते. ज्यांना चांगले नेसायची बंदी होती त्यांनी चांगले नेसणे, ही ताठ मानेची गोष्ट होती.

पण नीट ध्यानात घ्या, बाबासाहेबांनी टाकायला सांगितले ते लादलेले होते, अंगचे नव्हते. नेसण बदलता येते, दागिना उतरवता येतो. रंग आपल्या आईबापाचा, उन्हातान्हात राबलेल्या पूर्वजांचा. तो दोष नाही, मग तो पुसायचा कशाला? उलट कातडीतला तो रंगच कडक उन्हापासून आपले रक्षण करतो. जातीची खूण अंगावरून उतरवलेल्या समाजाने सुनेच्या गालाचा रंग मोजत बसावे, याची आम्हाला तरी लाज वाटते.

महाडचा लढा पाण्याचा होता, हेही विसरू नये. ज्यांना तळ्यावर जाऊ दिले नाही त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणवले गेले. स्वच्छता पाण्यावाचून होत नाही आणि आपल्या लातूरकर भगिनींना हे कुणी सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. घागरीसाठी रात्र रात्र जागून सकाळी कामावर गेलेली बाई केस कधी धुणार? तेव्हा पुढे जे सांगतो ते एका बादलीत आणि थोड्या पैशांत बसेल असेच सांगतो.

केस आठवड्यातून दोनदा धुतले तरी पुरे. बोअरचे पाणी जड असते. त्यात साबण फुटतो आणि त्याचा पांढरा थर केसांवर बसून केस चिकट, राठ होतात. म्हणून डोक्याला अंगाचा साबण लावू नये. रिठा-शिकेकाई जड पाण्यातही काम करते. शाम्पूची पुडी घेतली तर तांब्याभर पाण्यात मिसळून लावावी, म्हणजे एक पुडी पुरते आणि धुवायला पाणीही कमी लागते. शेवटचा तांब्या नळाच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा घेता आला तर फार चांगले.

ओले केस घट्ट बांधून कामावर जाऊ नये. त्यापेक्षा रात्री धुवावेत किंवा सुटीच्या दिवशी. खोबरेल तेल धुण्याआधी तासभर टोकांना लावावे. मात्र डोक्यात कोंडा असेल तर तेल चोपडून ठेवू नये. कोंडा हा कोरडेपणा नसून बहुधा एका बुरशीचा उपद्रव असतो आणि तेलावर ती फोफावते. त्यासाठी किटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो. तो पाच मिनिटे ठेवून धुवावा, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. कंगवा ज्याचा त्याचा वेगळा असावा.

रोज पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे, त्याने घाबरू नये. बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू, फार मोठी काळजी, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठ मूठ गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. पण गळतच राहिले, दम लागतो, पायांत गोळे येतात, पाळीत जास्त जाते, असे असेल तर तेल बदलत बसू नका, रक्त तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी आढळले. चेहऱ्याचे तेज आत असते ते असे. बाजरीची भाकरी, मटकी, पालेभाजी, अंडे, जमेल तेव्हा मटण-कलेजी आणि जेवणात लिंबाची फोड. जेवल्याबरोबर चहा पिऊ नये, तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. नवऱ्याला आणि लेकरांना वाढून उरलेले खायची जी आपली रीत आहे, ती मोडल्याशिवाय कुठलीही क्रीम उपयोगाची नाही.

चेहऱ्याला सकाळी आणि कामावरून आल्यावर, असे दोनदा धुणे पुरे. दहा वेळा साबण लावला की कातडी कोरडी पडते आणि तेल अधिक सुटते. साबण घेताना वेष्टनावर 'टीएफएम' किती ते वाचा. शहात्तर टक्के किंवा वर असेल तर पहिल्या प्रतीचा. 'बाथिंग बार' असे लिहिलेल्या वडीत तो बराच कमी असू शकतो. धुतल्यावर ओलसर तोंडाला साधे मॉइश्चरायझर लावावे. थंडीत हातापायांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चालते. मुरूम असतील तर चेहऱ्याला तेल लावू नये आणि मुरूम फोडू नये, त्याचाच डाग राहतो. मुरुमांबरोबर पाळी महिनोन् महिने चुकत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पार्लरला नव्हे, डॉक्टरकडे जावे.

आपल्याकडचे ऊन हा मोठा वैरी. गालावरचे वांग बहुतेक उन्हाने वाढते; गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांनीही येते. सनस्क्रीन परवडली तर उत्तम, नाही परवडली तर जाड सुती स्कार्फ आणि छत्री. स्कूटीवरच्या आपल्या मुली स्कार्फ बांधतात ते चांगलेच आहे, पण तो रोज धुवा. घामेजलेला स्कार्फ आठवडाभर तोंडाला बांधला तर पुरळ येणारच.

घरगुती म्हणून सगळेच चांगले, असेही नव्हे. बेसन-दही चालते. लिंबाचा रस मात्र तोंडाला लावून उन्हात जाऊ नका, त्याने कातडी भाजून काळे चट्टे पडतात. सोडा, टूथपेस्ट हेही नको. लग्नाच्या हळदीआधी लावायची 'काळी मेंदी' तर दूरच ठेवा. तिच्यात बहुधा केसांच्या कलपातलेच रसायन असते आणि फोड येतात. कलप लावायचा तर आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस थांबा. टिकली लावावी की न लावावी हा ज्याच्या त्याच्या विचाराचा प्रश्न. पण लावणाऱ्यांनी पाहावे की त्या जागी खाज किंवा पांढरा डाग येतो आहे का. काही टिकल्यांच्या गोंदाने तसा डाग पडतो. दिसला की टिकली लगेच बंद करावी.

टाचांच्या भेगांसाठी रात्री दहा मिनिटे कोमट पाण्यात पाय, हलक्या हाताने घासणे, पुसून व्हॅसलीन आणि वर मोजे. दिवसभर काउंटरमागे उभ्या राहणाऱ्या भगिनींना महिनाभरात फरक दिसेल.

सगळे मिळून सकाळची दहा मिनिटे आणि रात्रीची दहा. ही वीस मिनिटे घरातल्या कामकऱ्या पोरीला मिळाली पाहिजेत. भाऊ आरशासमोर अर्धा तास भांग पाडतो त्याला कुणी काही म्हणत नाही, आणि पोरीने पाच मिनिटे घेतली की "कुठं निघालीस नटून?" असे आपणच विचारतो. हे बंद झाले पाहिजे.

त्या नांदेडच्या मुलीला आम्ही विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात त्वचारोगाच्या विभागात जायला सांगितले. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही हा विभाग आहे. ती आईबरोबर गेली. डॉक्टरांनी ट्यूब हळूहळू सोडवली, साधे मॉइश्चरायझर आणि काही औषधे दिली, महिने लागतील असे स्पष्ट सांगितले. परवा तिच्या आईचा फोन आला होता. आग थांबली आहे, मुरूम कमी आहेत, ऊन लागले की गाल अजून लाल होतात. चेहऱ्याचा रंग पूर्वीसारखा सावळा झाला आहे. "आता कसं बरं वाटतंय," असे माय म्हणाली. लग्न अजून ठरलेले नाही. नोकरी चालू आहे.

मेळावे भरवणाऱ्या कार्यकर्त्या बंधूंना आमची एकच विनंती आहे. पुढच्या वेळी कागद छापाल तेव्हा 'रंग' हा रकाना काढून टाका. त्या जागी रक्तगट विचारा, तो कधीतरी कामाला येईल. आणि मुलांच्या आयांनो, सून पाहायला जाल तेव्हा तिचे शिक्षण विचारा, तिचे विचार विचारा. गालाकडे पाहून निरोप धाडू नका. तुमच्या त्या एका वाक्याने कुणाची तरी लेक मेडिकलच्या दारात जाते.

जयभीम.